बाईंचा तास : वाळवंटातली नदी

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात भारताचा नकाशा टांगला होता. राजस्थानवर पट्टी टेकवून मी म्हटलं, "हे थरचं वाळवंट." तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"बाई, वाळवंटात नदी असते का हो?"

मी तोंड उघडणार, तोच त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "असते की! पंढरपूरला असते. माझी आजी वारीला जाते ना, ती सांगते, आम्ही वाळवंटात उतरलो आणि चंद्रभागेत आंघोळ केली."

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. पण मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती बरोबरच तर बोलत होती. आपल्या मराठीत वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. कीर्तनं वाळवंटात होतात, मुलं वाळवंटात खेळतात. उंट, खजुराची झाडं आणि तहानलेला वाटसरू हे सगळं आपल्या मनात भूगोलाच्या पुस्तकातून आलं. त्यामुळे 'वाळवंटातली नदी' म्हटल्यावर चौथीतल्या मुलाला नवल वाटतं, पण वारकरी आजीला त्यात विशेष काही वाटत नाही!

आणि थरमध्येही नदी आहे बरं का. लुणी तिचं नाव. अजमेरजवळ अरवलीच्या डोंगरात उगम पावते आणि नैर्ऋत्येकडे वाहत वाहत कच्छच्या रणात जिरून जाते. समुद्रापर्यंत पोहोचतच नाही बिचारी. बालोतरा गावापर्यंत तिचं पाणी गोड असतं, त्यापुढे खारट होत जातं. लुणी हे नावच लवणावरून, म्हणजे मिठावरून आलेलं. वर्षातले बरेच महिने ती कोरडी असते. पाणी आलं की मात्र सांगून-सवरून येत नाही.

हे शेवटचं वाक्य मी वर्गात सहज बोलून गेले आणि मला आमची ती रात्र आठवली. कुकडी नदीच्या काठची. म्हणून आज तुम्हांला तीच गोष्ट सांगते. (मुख्य म्हणजे तीत माझीच फजिती आहे, तेव्हा तुम्हांला ती आवडेल!)

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी महिना. आम्ही डीएडच्या चौघी मैत्रिणी, चार शाळांमध्ये विखुरलेल्या. वर्षातून एकदा तरी कुठे जाऊन राहायचं, असं आमचं ठरलेलं. चौघींची नावं सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. आपण आपलं म्हणू, एक भूगोलवाली, एक गणितवाली, एक चित्रकलावाली आणि चौथी मी. शिवाय गणितवालीची भाची, सहावीतली. तिला सगळे 'छोटी'च म्हणतात. शनिवारची सकाळची शाळा सुटली, सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात गणितवालीची जुनी गाडी कशीबशी शिरली आणि तंबू, स्टोव्ह, पातेली, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन असं सगळं कोंबून आम्ही निघालो. "बायकाबायकांनी रानात कशाला निजायचं?" हा प्रश्न चौघींच्याही घरी विचारून झाला होता. चौघींनीही उत्तर देण्याचं टाळलं होतं.

वाघोली, शिक्रापूर, रांजणगावचा गणपती आणि मग शिरूर. शिरूरहून आत वळलं की साधारण पंचवीस किलोमीटरवर निघोज. हे गाव पारनेर तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात. नदीच्या अलीकडचं टाकळी हाजी मात्र पुणे जिल्ह्यात. म्हणजे मधली कुकडी ही दोन जिल्ह्यांची हद्दच. छोटीनं झुलत्या पुलाच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले आणि जाहीर केलं, "माझा डावा हात पुण्यात आणि उजवा नगरमध्ये!"

तिकडे जाताना गाडीच्या काचेतून बाहेर पाहत राहा. पुणे सोडल्यावर हळूहळू झाडं खुजी होत जातात. आंबा-वड मागे पडतात, बाभळी आणि बोरी दिसू लागतात. माळ उघडा, दगड वर आलेले. असं का? कारण हा सगळा भाग पर्जन्यछायेत येतो. समुद्रावरून येणारे पावसाचे ढग आधी सह्याद्रीला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पारनेरकडे येईपर्यंत तो पाचशेच्या आसपास उरतो. म्हणजे दहावा हिस्सा! खरं वाळवंट अडीचशे मिलिमीटरच्या आत धरतात, तेव्हा पारनेर काही वाळवंट नव्हे. त्याला अवर्षणप्रवण असा जिभेला गाठ पडणारा शब्द आहे. पण फेब्रुवारीत दुपारी चार वाजता त्या माळावर उभं राहिलात, तर हा फरक तुमच्या लक्षात येणार नाही.

आता गंमत पाहा. कुकडी ही या कोरड्या मुलखातली नदी, पण ती जन्मते धो धो पावसात. जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या बाजूला, चावंड किल्ल्याजवळ पूर नावाचं गाव आहे. तिथल्या कुकडेश्वराच्या देवळापाशी तिचा उगम मानतात. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे ये-जा करत. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण अजून आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सांगतात. म्हणजे नदीच्या उगमाशी एक रांजण आणि निघोजला पोहोचल्यावर तिच्या पात्रात रांजणच रांजण!

हो, निघोजचे रांजणखळगे. नावच किती नेमकं आहे! इथे नदीचं पात्र म्हणजे काळ्या कातळाची फरशी आणि त्या फरशीत नदीनं कोरलेले गोल गोल खड्डे. काही वाटीएवढे, काही पातेल्याएवढे आणि काहींमध्ये माणूस उभाच्या उभा दिसेनासा होईल. आतून गुळगुळीत, जणू कुंभारानं चाकावर फिरवून काढलेत. काठावर मळगंगेचं देऊळ आहे, चैत्रात तिची मोठी यात्रा भरते.

हे रांजण कोणी केले? पाण्यानं, असं आपण म्हणून टाकतो. पण नुसतं पाणी एवढ्या कठीण दगडाला काय करणार? हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा फत्तर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतून तप्त लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि थिजून दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, काही ठिकाणी भेगा राहिल्या. म्हणजे दगड सगळीकडे सारखा पक्का नाही. पावसाळ्यात पाणी जोरात येतं, एखाद्या खोलगट जागी भोवरा धरतं. त्या भोवऱ्यात एखादा गोटा सापडतो. झालं! बाहेर पडता येत नाही, म्हणून तो आतल्या आत गरगर फिरत राहतो आणि तळ घासत राहतो. जात्यासारखं. खळगा खोल होतो, गोटा झिजून गोल गुळगुळीत होतो, शेवटी त्याची वाळू होते. मग दुसरा गोटा येतो. असं हजारो वर्षं. शेजारशेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून पडली, की दोघांचा मिळून एक मोठा डोह. म्हणूनच त्या पात्रात चालताना पायाखाली नीट बघून चालावं लागतं. वरून पाणी शांत हिरवं दिसतं, पण खाली किती खोल आहे ते कळत नाही. कडा शेवाळानं निसरड्या. आणि आत घसरलेल्याला धरायला कुठे खाच नाही. सगळं गुळगुळीत! छोटीचा हात गणितवालीनं एकदाही सोडला नाही. छोटी चिडली होती, पण मला ते पटलं.

चित्रकलावालीनं तीन चित्रं काढली, तोवर ऊन कलंडलं. मुक्कामाची जागा भूगोलवालीनं आधीच नकाशावर पाहून ठेवली होती. देवळापासून बरंच खाली, जिथे कातळ संपून पात्र रुंद होतं आणि वाळू-गोट्यांचा सपाट पट्टा लागतो. खरंच सुंदर जागा. काटे नाहीत, दगड नाहीत, वाळू मऊ, पंधरा-वीस पावलांवर पाण्याची बारीकशी धार. पलीकडे माळावर मोर ओरडत होते. (मोराची चिंचोली तिथून फार लांब नाही.) आम्ही तंबू ठोकला, तीन दगडांची चूल मांडली आणि पिठलं रटरटायला लागलं.

आणि आता माझी चूक ऐका. तंबूची मेख ठोकताना वाळूचा वरचा थर कोरडा आणि खालचा ओलसर लागला होता. काठाच्या दगडांवर पांढुरकी वाळलेली रेघ होती, न्हाणीघरात बादलीच्या आतून असते तशी. हे मला दिसलं. मनात आलंही, आपण नदीच्या फारच मधे तर नाही ना? पण भूगोलवाली एवढी उत्साहात होती, सगळी जमवाजमव तिनंच केलेली. आता काही बोललं तर तिचा हिरमोड होईल, शिवाय तंबू परत उपटावा लागेल. मी गप्प बसले.

छोटी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती काठावरच्या बाभळीखाली उभी राहून वर पाहत होती. "मावशी, इतक्या वर झाडावर गवत कोणी टांगलं?"

मी पाहिलं. बाभळीच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्याही वर वाळलेलं गवत, काटक्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची एक चिंधी गुंडाळली गेली होती. सगळ्या काटक्या एकाच बाजूला झुकलेल्या. मी म्हटलं, "सुगरणीचं घरटं असेल गं."

"सुगरणीचं घरटं असं नसतं. आमच्या पुस्तकात चित्र आहे."

प्राथमिक शिक्षिकेला सहावीतल्या मुलीनं पाडलेलं पाहून गणितवाली खूश झाली. उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं. ते आलं मेंढ्यांच्या मागून.

वरच्या शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. आमच्या सदाशिव पेठेत वाडा म्हणजे दगडी जोतं, चौक आणि आता बहुतेक ठिकाणी तो पाडून बांधलेली इमारत. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढ्या, घोडी, कुत्री, बिऱ्हाड असा सगळा चालता संसार. रात्री ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतात, त्याच्या शेताला लेंडीचं खत मिळतं आणि तो यांना धान्य देतो. त्या वाड्यातल्या एक आजी दोन चुकार कोकरं हाकत खाली आल्या. आम्हांला पाहून थांबल्या.

"कुठल्या गं पोरींनो तुमी?"

"पुण्याच्या, आजी."

"हितं निजणार व्हय?"

"हो. जागा छान आहे."

"हां, छानच हाय," आजी म्हणाल्या. "नदीचं अंथरूण हाय ते. ती आली की उठवंल तुमाला."

भूगोलवाली हसली. "आजी, फेब्रुवारीत कसला पूर? पाऊस कुठे आहे?"

"पाऊस कशाला पायजे? वरनं सोडत्यात की पानी, खालचं बंधारं भराया. गावात सांगितलंय सकाळीच. तुमी इचारलं न्हाई का गावात?" आणि मग त्यांनी काठीनं बाभळीकडे दाखवलं. "त्ये बघ, पावसाळ्यात पार ततवर येतीया ती."

छोटीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गवत नदीनं टांगलं होतं.

तुम्हांला वाटेल, आम्ही लगेच तंबू उचलला. नाही! चांगला पाऊण तास वाद झाला. भूगोलवालीचं म्हणणं, धरणं किती लांब, पाणी सोडलं तरी इथवर येईपर्यंत जिरून जाईल. चित्रकलावाली म्हणाली, अंधार पडलाय, आता वर काट्यांत कुठे जागा शोधणार? गणितवाली पिठलं ढवळत राहिली. आणि मी? मी तेव्हाही 'बघू या जरा' असंच काहीतरी गुळमुळीत बोलले. शेवटी छोटीनं आपलं पांघरूण गोळा केलं, उशी काखेत मारली आणि म्हणाली, "तुम्ही झोपा इथे. मी आजींच्या कुत्र्यांजवळ झोपते." आणि निघालीच की ती! मग काय, सगळ्यांना उठावंच लागलं. कुरकुरत, ठेचकाळत, टॉर्चच्या उजेडात आम्ही तंबू वरच्या पडीक रानात नेला. तिथे रात्रभर पाठीला ढेकळं टोचत होती. भूगोलवाली माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याशी.

कोरड्या मुलखातलं आकाश कसं असतं, हे मात्र तेव्हा कळलं. पुण्यात मृगाचे चार तारे आणि मधला बाण दिसला तरी आपण खूश होतो. तिथे चांदण्यांची इतकी गर्दी, की ओळखीची नक्षत्रंच शोधावी लागत होती.

पहाटे तीनच्या सुमारास जाग आली. आवाज येत होता. गर्जना वगैरे काही नाही. गोट्यांची पिशवी कोणीतरी हळूहळू हलवावी, तसा खुळखुळ, खुळखुळ. कुत्री भुंकत होती. भूगोलवालीही जागी होती. आम्ही दोघींनी टॉर्च घेऊन काठावर जाऊन पाहिलं. खाली वाळूचा पट्टा नव्हताच. तिथे काळं पाणी सरकत होतं आणि तळाचे गोटे लोळत चालले होते. त्यांचाच तो आवाज. आमची तीन दगडांची चूल, विसरलेलं एक पातेलं आणि गणितवालीची चप्पल, सगळं गेलं होतं. भूगोलवालीनं माझा हात घट्ट धरला. बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. मग ती एवढंच म्हणाली, "छोटी कुठे झोपली असती गं?" तंबूत छोटीची जागा कडेला होती, पाण्याच्या बाजूला.

मी तिला ओल्या वाळूबद्दल आणि त्या पांढऱ्या रेघेबद्दल सांगितलं. मला तेव्हाच दिसलं होतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलली का नाहीस?" याचं मला उत्तर देता आलं नाही.

सकाळी गणितवालीला तिचा विषय सापडला. तिनं काठावर दहा मीटर अंतर मोजून दोन काठ्या रोवल्या. छोटीनं वरच्या काठीपाशी पाण्यात काटकी सोडायची आणि खालच्या काठीपाशी पोहोचेपर्यंत सेकंद मोजायचे. तीनदा करून पाहिलं, साधारण सहा सेकंद. म्हणजे ताशी सहा किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग, एवढाच! मला तर हसू आलं. पण तिनं पुढचं गणित घातलं. प्रवाह सुमारे वीस मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. सेकंदाला किती पाणी पुढे सरकतं? वीस गुणिले अर्धा, गुणिले वेग. सोळा-सतरा घनमीटर. एक घनमीटर पाण्याचं वजन एक हजार किलो. म्हणजे दर सेकंदाला सोळा टनांहून जास्त वजन तिथून ढकललं जात होतं. तळाशी आणि काठाशी पाणी सावकाश चालतं, म्हणून थोडं कमी धरा. तरी अंधारात, झोपेत, तंबूच्या पिशवीत अडकलेल्या माणसाला ते पुरेसं आहे. आणि वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो! पावसाळ्यात हीच नदी मोठमोठे धोंडे कशी लोळवते, ते आता तुमच्या लक्षात येईल.

पुणेकर मुलांना यातला एक शब्द पाठ असतो: क्युसेक. पावसाळ्यात 'खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक' अशी बातमी आली, की भिडे पूल पाण्याखाली जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एक क्युसेक म्हणजे किती, हे विचारलं तर मोठी माणसंही छताकडे बघतात. एका सेकंदात एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरलात, तर 'एक' म्हणेपर्यंत जवळजवळ तीन टँकर! आमच्यासमोरचं कुकडीचं पाणी गणितवालीच्या हिशेबानं पाचशे क्युसेकच्या आसपास होतं. बातमीतही आलं नसतं ते.

चूक कोणाची, असं तुम्ही विचाराल. पाणी सोडणाऱ्यांची मुळीच नाही. त्यांनी सांगितलं होतं, गावानं ऐकलं होतं, मेंढ्यांनासुद्धा वर नेलं होतं. खालच्या गावांचे बंधारे त्या पाण्यावर भरतात, विहिरींना झरे फुटतात. कुकडीच्या खोऱ्यात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आहेत, ती याच कोरड्या तालुक्यांसाठी. आम्ही मात्र गावातून गाडी भरधाव नेली, झाडाखाली बसलेल्या एकाही माणसाला विचारलं नाही. नकाशा होता ना आमच्याकडे!

पाणी अडवून, वळवून वापरायची ही धडपड इथे फार जुनी आहे बरं का. कुकडी पुढे घोड नदीला मिळते. त्याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून दहा-बारा वर्षांहून अधिक काळ तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून बाहेर आलं. घरं, चुली, धान्याची पेवं. आणि त्याबरोबर पुराचं पाणी वळवण्यासाठी खणलेला कालवा आणि बांधही! पुढे ती वस्ती उठली. पाऊस कमी होत गेला, हे त्याचं एक कारण मानतात. म्हणजे ज्या काठावर आम्ही एका रात्रीसाठी तंबू ठोकताना चुकलो, त्याच खोऱ्यात लोक हजारभर वर्षं नदीचा स्वभाव ओळखून राहत होते.

पालकांसाठी दोन शब्द. मुलं मोठी झाली की मित्रांबरोबर मुक्कामाला जातो म्हणणारच. नाही म्हणू नका. पण तंबू कुठे ठोकणार, हे जरूर विचारा. पात्रात नाही, काठावर उंच जागी. आणि झाडाला अडकलेल्या काडीकचऱ्याच्याही वर. गावात विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि आपल्या घोळक्यातलं सगळ्यांत लहान पोर काही विचारत असेल, तर पिठलं जरा वेळ उतरवून ठेवा.

रविवारी दुपारी निघण्याआधी आम्ही आजींकडे गेलो. उरलेली साखर, चहा त्यांना दिला. त्यांनी चहा करून आम्हांलाच पाजला. भूगोलवालीनं त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा आजी म्हणाल्या, "बरं झालं उठला पोरींनो. ह्ये पानी आता पार पंढरीला जातंया." आजींचा भूगोल पक्का होता. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि पंढरपूरला भीमेचीच चंद्रभागा होते. वाटेत उजनीच्या धरणात तिला बराच मुक्काम पडतो, एवढंच.

संध्याकाळी पुण्यात शिरलो. नदीपात्रातल्या रस्त्यानं येताना सगळ्या दमून गप्प होत्या. छोटी खिडकीला नाक लावून बसली होती. एकदम ओरडली, "मावशी, थांब! इथेही टांगलंय!"

गाडी कडेला घेतली. मुठेच्या काठच्या झाडावर, आमच्या गाडीच्या टपाच्या वर, वाळलेलं गवत, चिंध्या आणि एक तुटका हार, सगळं एकाच बाजूला झुकलेलं. त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं ये-जा करते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण या झाडाकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याच झाडाखाली गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि एक माणूस आपली गाडी धूत होता.

तर मुलांनो, या आठवड्याचं काम. तुमच्या गावच्या नदीवर किंवा ओढ्यावर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं. झाडांवर, पुलाच्या कठड्यावर, विजेच्या खांबावर नदीनं काही टांगून ठेवलंय का? किती उंच? तुमच्या डोक्याच्या वर की खाली? घरातल्या आजी-आजोबांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या साली. आणि मला कार्डावर लिहून पाठवा. गेल्या वेळच्या कोड्याची उत्तरं अजून येताहेत, ती पुढच्या अंकात.

छोटीनं तिचं उत्तर आधीच दिलंय. त्या मुठेकाठच्या झाडाचं चित्र काढून तिनं मला पाठवलं. शेजारी मापासाठी एक माणूस उभा केलाय. त्याच्या हातात छडी आहे, डोळ्यांवर चष्मा आहे आणि तोंडावर पट्टी. "ही कोण गं?" मी फोनवर विचारलं.

"ओळख ना!" म्हणाली आणि हसत सुटली.